'रेड'चं मूळ, माहेर आणि गोतावळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नेमकं कोणत्या शब्दाबद्दल आहे?

इंग्रजीतल्या 'रेड'बद्दल, म्हणजे लाल. पण एकट्या इंग्रजीपुरतं नाही. जर्मन 'रोट', डच 'रोड', स्वीडिश 'रोड' (यातला ओ ओठ गोल करून काढायचा), आइसलँडिक 'रौदुर' हे सगळे सख्खे भाऊ. या भावंडांचा जो बाप मानला जातो तो असा लिहितात: *रौदझ्. शेवटचा झ् 'झाड'मधला, 'झेंडा'मधला नव्हे. हे विशेषण आद्य-जर्मेनिक भाषेतलं, म्हणजे या सगळ्या भाषांच्या आईतलं. ती साधारण इ.स.पू. 500 च्या आगेमागे डेन्मार्क, दक्षिण स्वीडन आणि उत्तर जर्मनीच्या पट्ट्यात बोलली जात होती.

शब्दाआधी ती चांदणी कशाला?

चांदणीचा अर्थ: हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, लेकींकडे बघून आईचा चेहरा काढला आहे. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायशर या जर्मन भाषाशास्त्रज्ञामुळे ही पद्धत रूढ झाली.

हा अंदाजपंचे कारभार नाही. गॉथिकमध्ये (आता मेलेली एक जर्मेनिक भाषा) 'रौथ्स', जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) 'रौध्र', जुन्या जर्मनमध्ये 'रोट', जुन्या सॅक्सनमध्ये 'रोद', जुन्या इंग्रजीत 'रॅआद' अशी रूपं मिळतात. आता यांतला प्रत्येक स्वर आणि प्रत्येक व्यंजन त्या त्या भाषेच्या नेहमीच्या सवयीने कुठून आलं असेल, हे मागे मागे जात तपासायचं. गॉथिक आणि नॉर्सला 'औ' आहे, जुन्या जर्मनमध्ये द-त-थ यांच्या आधी आलेल्या 'औ'चा नेमाने 'ओ' होतो, जुन्या इंग्रजीत त्याचाच 'ॲआ' होतो. म्हणजे मूळ स्वर 'औ'. हा हिशेब या एका शब्दापुरता जुळला असता तर मीही हसलो असतो. तो शेकडो शब्दांत तसाच जुळतो, म्हणून गप्प बसावं लागतं.

ठीक, पण शेवटचा तो 'अझ्' कुठून आणला? एकाही लेकीकडे तर तो दिसत नाही.

हा प्रश्न वर्गात हमखास येतो आणि मला तो फार आवडतो, कारण याचं उत्तर तीन वेगवेगळ्या दिशांनी येतं.

पहिली दिशा डेन्मार्कची. गालेहूस गावी 1734 साली सोन्याचं एक शिंग सापडलं, साधारण इ.स. 400 च्या सुमाराचं. त्यावर रून लिपीत एक ओळ कोरलेली होती: 'एक ह्लेवगस्तिझ् होल्तियझ् होर्न तविदो', म्हणजे 'मी, होल्तियझ् ह्लेवगस्तिझ्, याने शिंग घडवलं'. त्या नावांच्या शेवटी '-इझ्' आणि '-अझ्' ऐटीत बसलेले आहेत. (शिंगाचं पुढे काय झालं विचारू नका. 1802 मध्ये एका सोनाराने ते चोरलं आणि वितळवलं. आज जे दिसतं ते जुन्या चित्रांवरून केलेलं.)

दुसरी दिशा फिनलंडची. फिनिश ही जर्मेनिक नाही, इंडो-युरोपीयसुद्धा नाही, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मेनिक या सगळ्यांच्या मोठ्या कुळातलीही नाही. पण फार पूर्वी तिने शेजाऱ्यांकडून शब्द उसने घेतले आणि लोणच्याच्या बरणीत घालावेत तसे मुरवून ठेवले. राजा म्हणजे 'कुनिंगास', मूळ *कुनिंगझ्. इंग्रजीत त्याच शब्दाचं झिजून 'किंग' झालं, जर्मनमध्ये 'क्योनिग'. फिनिशने मात्र शेवटचं अक्षरही टाकलं नाही.

तिसरी दिशा आपल्या घरची. संस्कृतातल्या 'रोहितः'च्या शेवटी जो विसर्ग आहे तो मूळचा 'स्'. ग्रीकमधला '-ओस', लॅटिनमधला '-उस', गॉथिकचा '-स', आइसलँडिक 'रौदुर'मधला तो 'र', आणि *रौदझ्चा 'झ्' हा सगळा एकच प्रत्यय आहे: पुल्लिंगी, प्रथमा, एकवचन. शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकताना जो विसर्ग आपण हवेत सोडून देत होतो तो आइसलँडमधल्या रेकयाविकच्या रस्त्यावर आजही 'र' होऊन ऐकू येतो.

'रुधिर' आणि 'रेड' यांचं नातं खरं, की नुसता ध्वनीचा योगायोग?

खरं. आणि योगायोग नाही हे सिद्ध करायची सोपी रीत आहे: एक जोडी बघायची नाही, रांग बघायची.

मध्य : मिड. मधु : मीड (मधापासून केलेलं मद्य). विधवा : विडो. रुधिर : रेड. चारही ठिकाणी संस्कृतात 'ध', इंग्रजीत 'ड'. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1822 मध्ये मांडलेल्या नियमाचा हा एक तुकडा: मूळ भाषेतले ध, भ, घ जर्मेनिकमध्ये आपला महाप्राण टाकून द, ब, ग होतात. 'भ्रातृ'चा 'ब्रदर' होतो तो याच नियमातल्या 'भ'चा.

मूळ इंडो-युरोपीय रूप काहीसं *रोउधोस् असं धरतात. त्याच्या सुरुवातीला आणखी एक कंठातला ध्वनी होता. तो जवळपास सगळीकडे गळून पडला, ग्रीकमध्ये मात्र जाताना 'ए' ठेवून गेला: 'एरुथ्रोस'. लॅटिनमध्ये 'रुबेर', 'रुफुस', लिथुएनियनमध्ये 'रौदोनास', जुन्या आयरिशमध्ये 'रुअद'. रंगांच्या शब्दांत इतक्या लांबवर आणि इतक्या निर्विवादपणे मागे नेता येणारा हा एकच शब्द, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. हिरवा-पिवळा-निळा यांची घराणी बघायला गेलं की लगेच भाऊबंदकी सुरू होते.

मग 'रेड' हा शब्द संस्कृतातूनच इंग्रजीत गेला म्हणायचं ना?

नाही. व्हॉट्सॲपवर काहीही फिरत असलं तरी नाही. 'रुधिर' हा 'रेड'चा बाप नाही, चुलतभाऊ आहे. दोघांचा आजा एकच, पण तो या दोघांहून वेगळा आणि जुना. इंग्रजीने संस्कृतातून शब्द घेतला असता तर त्यात आधी संस्कृतात झालेले बदल दिसले असते. स्वर बघता 'रेड' ज्याच्या पंक्तीत बसतो (कसं, ते पुढच्या प्रश्नात) त्या संस्कृत 'रोहित'मध्ये मूळच्या 'ध'चा 'ह' झाला आहे. 'रेड'मध्ये 'ड' शाबूत आहे. ज्याच्याकडून उसनं घेतलं त्याच्याकडेच नसलेली वस्तू उसनी कशी मिळणार?

'रुधिर'मध्ये उ, 'रोहित'मध्ये ओ, *रौदझ्मध्ये औ. एकच धातू असेल तर स्वर तीन का?

ज्यांनी संस्कृत व्याकरण केलं आहे त्यांना हे अर्ध्या मिनिटात कळेल. गुण आठवा: उ चा ओ होतो. बुध् पासून 'बुद्धि' आणि 'बोध', युज् पासून 'युक्त' आणि 'योग'. तसंच इथे: उ असलेलं 'रुधिर' आणि गुण झालेलं 'रोहित'. पाणिनीने संस्कृतापुरता सांगितलेला हा खेळ मुळात इंडो-युरोपीय आहे, त्यामुळे तो जर्मेनिकमध्येही चालतो. संस्कृतातला 'ओ' हा जुन्या जोडस्वराचा आकसलेला अवतार. जर्मेनिकने तो 'औ' असा मोकळा ठेवला. म्हणून *रौदझ् हा 'रोहित'च्या पंक्तीत बसतो, 'रुधिर'च्या नव्हे.

'रुधिर'च्या पंक्तीतलं, म्हणजे नुसता 'उ' असलेलं, जर्मेनिकमध्ये काय? इंग्रजी 'रडी', म्हणजे लालबुंद चेहऱ्याचा. आणि 'रस्ट', म्हणजे गंज. गंजाबद्दल खाली सविस्तर.

इंग्रजीत एवढा ऱ्हस्व 'रेड' कसा झाला?

आळसाने. जुन्या इंग्रजीतला 'रॅआद' चांगला ऐसपैस दीर्घ होता. मध्ययुगीन इंग्रजीत तो 'रॅऽद' असा सरळ दीर्घ झाला, आणि मग ड-च्या आधी आखूड झाला. 'ब्रेड', 'डेड', 'हेड' यांचंही तेच झालं. त्यांच्या स्पेलिंगमध्ये 'ईए' अजून लटकतो आहे, 'रेड'ने तोही सोडला.

जुना लांब स्वर कुठे जिवंत आहे ते सांगतो: आडनावांत. 'रीड' आडनावाच्या कितीतरी घराण्यांचा मूळपुरुष लाल केसांचा असणार. स्कॉटलंडमधलं 'रीड' तर बहुधा हेच. आपल्याकडे 'काळे', 'गोरे', 'पिंगळे' आहेत त्यातलाच प्रकार. लाल केसांवरून पडलेलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव म्हणजे एरिक रौदी, इंग्रजीत 'एरिक द रेड', ज्याने दहाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीनलंडमध्ये वसाहत केली. लाल माणसाने बर्फाळ बेटाला 'हिरवा देश' नाव दिलं, लोक यावेत म्हणून. जमिनीच्या जाहिराती तेव्हाही तशाच होत्या.

बाकीच्या लेकींबद्दल थोडक्यात?

जर्मनमध्ये 'द'चा 'त' झाला, म्हणून 'रोट'. फ्रँकफर्टच्या ज्यू गल्लीतल्या एका घरावर लाल ढालीची पाटी होती, त्यावरून 'रोथशिल्ड' हे घराण्याचं नाव. डच लोक लिहितात 'रोड' पण शब्दाच्या शेवटचा ड कडक करतात, त्यामुळे कानाला 'रोट'च लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्समध्ये तो 'रोइ' झाला. हल्ली पुण्या-मुंबईच्या कॅफेंत जो 'रॉयबॉस' चहा मिळतो त्याचा अर्थ 'लाल झुडूप'. डॅनिशमधला 'ड' इतका मऊ आहे की तो व्यंजन आहे की नुसता विचार आहे हे कळत नाही. परक्याची जीभ तपासायची असेल तर डॅनिश माणसं 'रोडग्रोड मेड फ्लोडे' म्हणायला लावतात. लाल फळांची लापशी, साईसकट. आपल्या 'कच्चा पापड, पक्का पापड'चा थंड प्रदेशातला भाऊ.

लोखंडाचा लाल रंगाशी काय संबंध? ते तर काळं असतं.

या पानावरचा माझा सर्वांत लाडका प्रश्न हाच, तेव्हा जरा बसा.

'लोखंड' आलं 'लोहखंड'वरून. आणि 'लोह' हा शब्द बहुतेक अभ्यासकांच्या मते याच मुळापासूनचा, म्हणजे 'रोहित'च्या घरातला. 'र'च्या जागी 'ल' घेणं संस्कृताला नवं नाही. 'रोहित'बरोबर 'लोहित' आहेच. तर 'लोह' म्हणजे आधी 'तांबूस', मग 'तांबूस धातू', म्हणजे तांबं. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत धातूंची एक यादी आहे: हिरण्य, अयस्, श्याम, लोह, सीस, त्रपु. तिथे 'श्याम' वेगळं आणि 'लोह' वेगळं. काळा धातू म्हणजे लोखंड, लाल धातू म्हणजे तांबं, असाच त्याचा सरळ अर्थ लागतो. पुढे 'लोह' हे कुठल्याही धातूला लागू लागलं आणि अखेर लोखंडाच्या वाट्याला जाऊन बसलं. रंग मागे सुटला, नाव पुढे गेलं. म्हणून आपण काळ्याकुट्ट कढईला, व्युत्पत्तीच्या हिशेबाने, 'लाल तुकड्याची' म्हणतो.

आता उत्तरेकडे या. फिनिशमध्ये लोखंडाला शब्द आहे 'रौता'. एस्टोनियनमध्ये 'रौद'. हा शब्द त्यांनी जर्मेनिक शेजाऱ्यांकडून घेतला, आणि तो *रौदझ्च्याच घरचा. जुन्या नॉर्समध्ये 'रौदी' म्हणजे दलदलीत मिळणारं कच्चं लोहखनिज. स्कँडिनेव्हियात खाणी खणायच्या आधी लोखंड मिळायचं ते पाणथळ जागी: लोहयुक्त पाणी झिरपतं, हवेशी भेटतं, आणि गवताच्या मुळांशी तपकिरी-लाल ढेकळं साचतात. ती वाळवून, भाजून, कोळशाच्या भट्टीत घालायची. लोखंड हाती आलं की काळं. पण उचलताना हात लाल. शब्द उचलण्याच्या वेळचा आहे. रशियनमध्येही खनिजाला 'रुदा' म्हणतात, तोही याच मुळाचा.

म्हणजे गोष्ट अशी घडली: वैदिक भारतात आणि बाल्टिक समुद्राकाठी, एकमेकांना विचारल्याशिवाय, लोकांनी एकाच जुन्या 'लाल' शब्दातून धातूचं नाव काढलं. इथे तांब्याच्या वाटेने, तिथे चिखलाच्या वाटेने. दोन्ही रस्ते लोखंडापाशी येऊन थांबले. मला वाटतं, रंगाचे शब्द आपण उगाच 'अमूर्त' समजतो. जुन्या माणसाला लाल रंग कुठे भेटायचा? जखमेत, मातीत, खनिजात, जनावराच्या पाठीवर. हा शब्द आयुष्यभर या चार जागांभोवतीच घुटमळला आहे.

'रस्ट' आणि 'तांबेरा': हे काय प्रकरण आहे?

बिडाचा तवा पावसाळ्यात धुऊन ओलाच ठेवून बघा. सकाळी बोट फिरवलं की टोकाला तांबूस पूड लागते. इंग्रजीत ती 'रस्ट', जर्मनमध्ये 'रोस्ट', आणि दोन्ही शब्द 'लाल'वरूनच.

गव्हाच्या पानावर नेमकी अशीच पूड धरते. तो बुरशीचा रोग आहे. इंग्रज शेतकरी त्याला 'रस्ट' म्हणतो, मराठी शेतकरी 'तांबेरा'. एकाला गंज आठवला, दुसऱ्याला तांबं. गव्हात शिरलात तर विजार गुडघ्यापर्यंत तांबडी होऊन येते, त्यामुळे नाव शोधायला कुणालाच लांब जावं लागलं नसणार. रोमन लोकांचा शब्द 'रोबिगो', पुन्हा याच मुळाचा, आणि त्यांनी तर या रोगाची देवताच केली होती. दरवर्षी 25 एप्रिलला 'रोबिगालिया' नावाचा विधी असे. पिकाला तांबेरा लागू नये म्हणून तांबूस कुत्र्याचा बळी द्यायचे. बिचारं कुत्रं रंगापायी गेलं.

मराठीत 'रुधिर' कोण बोलतं? आपण तर 'लाल', 'तांबडा', 'रक्त' म्हणतो.

बरोबर, आणि यातला एकही शब्द 'रेड'चा नातेवाईक नाही. 'लाल' फारसीतून आला. तिथे 'लाल' म्हणजे माणिक. 'रक्त' हे 'रञ्ज्' धातूचं रूप, अर्थ 'रंगलेलं'. रंग, राग, रंजन, अनुरक्त ही त्याची भावंडं. 'तांबडा' तांब्यावरून. इथे गंमत बघा: लोहाच्या बाबतीत रंगावरून धातूचं नाव पडलं, आणि मराठीने तांबड्याच्या बाबतीत धातूवरून रंगाचं पाडलं. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यात तांबं नसतं, पण तर्रीचा रंग बघितला की नाव ठेवणाऱ्याला दोष देववत नाही.

मग रोजच्या मराठीत या घराण्याचं कुणीच नाही?

आहेत की. रोहित आणि रोहिणी तर हाकेच्या अंतरावर आहेत. 'रोहिणी' हे 'रोहित'चं स्त्रीलिंग, जसं 'हरित'चं 'हरिणी'. रंगवाचक शब्दांतला 'त' जाऊन 'न' येतो, असं पाणिनी सांगतो. रोहिणी नक्षत्राचा ठळक तारा डोळ्यांनी बघा, नारिंगी-लाल आहे. मे महिन्याच्या 25 तारखेच्या सुमारास सूर्य या नक्षत्रात जातो आणि गावाकडे 'रोहिण्या बरसल्या का?' अशी विचारपूस सुरू होते. तो प्रश्न विचारणाऱ्या आजोबांच्या तोंडी 'रेड'चा भाऊ असतो. बाजारातला रोहू मासा हाही संस्कृत 'रोहित'च. पंखांवरची लालसर झाक त्याला कारण. लोहार, लोखंड, लोहमार्ग यांचं वर सांगितलंच.

लॅटिन-ग्रीकच्या बाजूने आलेले पाहुणेही पुष्कळ. अंगठीतला रूबी. लहान मुलांना गोवर-रुबेलाची लस देतात, त्यातलं 'रुबेला' म्हणजे 'लालसर'. एरिथ्रोमायसिन हे 1952 पासून वापरात असलेलं प्रतिजैविक. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याच्या नावात 'लाल' आहे, म्हणून औषधाच्याही. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधले 'एरिथ्रोसाइट्स' म्हणजे तांबड्या पेशी. म्हणजे 'रुधिर'ची तपासणी 'एरिथ्रो'ने होते, घरातल्या घरात.

इरिट्रिया देशाचं नावही यातलंच का?

हो, ग्रीक 'एरुथ्रा थालास्सा', म्हणजे लाल समुद्र, यावरून. पण ग्रीकांचा 'लाल समुद्र' आजच्या तांबड्या समुद्राएवढा छोटा नव्हता. त्यात अरबी समुद्र आणि हिंदी महासागरही यायचा. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' नावाचा ग्रीक व्यापारी मार्गदर्शक या समुद्राचाच आहे, आणि त्यात सुप्पारा, कल्लिएना, सेमुल्ला अशी बंदरं येतात: सोपारा, कल्याण, चौल. आतल्या बाजूला पैठणा आणि तगरा, म्हणजे पैठण आणि तेर. तेव्हा अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहून समोर बघाल तर ते पाणी, ग्रीक खलाशाच्या हिशेबाने, *रौदझ्च्या चुलतभावाचं नाव लावून होतं.

कोणते शब्द या घराण्यातले वाटतात पण नाहीत?

रॉटरडॅम: 'रॉटे' नावाच्या नदीवरचं धरण, रंगाशी संबंध नाही. 'रोझ', म्हणजे गुलाब: लाल असला तरी लॅटिन 'रोसा' वेगळ्या वाटेने, बहुधा इराणकडून आलेला. 'रूड', उद्धट: लॅटिन 'रुदिस', ओबडधोबड. 'रुद्र': परंपरा 'रुद्', म्हणजे रडणं किंवा गर्जणं, याकडे नेते, काहींनी लाल रंगाकडे नेऊन बघितलं, पण निकाल लागलेला नाही, म्हणून मी त्याला यादीत घेत नाही. आयकरवाल्यांची 'रेड': ती 'राइड' आणि 'रोड' यांची बहीण, घोड्यावरून येऊन लुटणारी, देवनागरीत लिहिली की दोन्ही सारख्याच दिसतात एवढंच.

आणि रेडा. प्रत्येक वेळी कुणीतरी मागच्या बाकावरून विचारतंच. नाही, रेडासुद्धा नाही.